गोपीनाथसाठी आवाज

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९९७

लिनक्सच्या सीडीवरचा तयार कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, आमचे साउंड कार्ड ओळखत नाही. म्हणजे सोर्सवरून, मूळ लिहिलेल्या प्रोग्रॅमवरून, नवा कंपाइल करणे आले. टाइप केलेले वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यानंतर.

स्वरयंत्र काढल्यापासून गोपीनाथ पाटीवर लिहितो. आज लिहिले — "हॉटेलातून तयार आणता येत नाही का?" कल्याण कोर्ट गाजवलेला वकील, पण नवऱ्याच्या समजुतीला मर्यादा असतात. मी म्हटले, तयार मिळते ते दुसऱ्याच्या मापाने शिवलेले असते.

मग त्याने लिहिले — "एक गोष्ट सांगायची आहे. पाटीवर नाही. बोलून." कोणती, असे विचारले तर पाटी पुसली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ठाण्याला तपासणी. गाठ पुन्हा आली आहे. दुसरी शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी. मी तिथल्या तिथे होकार दिला; अशा बाबतीत रेंगाळणे मला मान्य नाही. गोपीनाथ खिडकीबाहेर पाहत होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शुक्रवारी एमआयडीसीतल्या कारखान्यांना सुटी, म्हणजे दुरुस्तीसाठी डोंबिवलीची वीज जाणार — हे मी विसरावे! कर्नल अर्धा कंपाइल झाला होता.

आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या उत्तमरावांना फोन केला. "अहो बाई, वीज आली की पुन्हा make ही आज्ञा द्या. राहिलेले तेवढेच करील ते."

अर्धवट फाइलींवर माझा विश्वास नाही. सगळे पुसून पहिल्यापासून करणार, असे सांगितले.

"देव मानत नाही म्हणता, आणि सोवळे केवढे हो तुमचे!"

गोपीनाथला हे ऐकवले. त्याचे खांदे हलले; तो हसतो आहे हे आता असेच कळते.

रविवार, ९ फेब्रुवारी

कर्नल झाला. कार्ड उत्तर देते. बोलणारा प्रोग्रॅमही कंपाइल झाला, मात्र वॉर्निंगांची रांग लावून.

"बोलेल का?" — पाटी.

"बोलेल. पण कंपायलरला शंका आहेत."

"माझ्या अशिलांबद्दल मलाही असायच्या. केस लढलोच ना?"

शंका मिटल्याखेरीज इन्स्टॉल करणार नाही, असे बजावले. ऑपरेशननंतर सवडीने करता येईल. त्याने पाटी उचलली, आणि काही न लिहिता खाली ठेवली.

सोमवार, १० फेब्रुवारी

रुग्णालयात खाट ठरवून आले. गोपीनाथ संगणकापुढे बसला होता. इन्स्टॉलची उरलेली आज्ञा त्याने स्वतःच दिली होती. रोमन लिपीत मजकूर तयार होता. मला बसायची खूण करून त्याने एंटर दाबले.

उच्चार साहेबी, शब्द तुटलेले. तरी प्रत्येक शब्द कळला.

"नंदा, उद्या मी येणार नाही. मला कोणी विचारलेच नाही."

मग मी विचारले. तो टाइप करू लागला. मी थांबले.