चूक वापरणाऱ्याची आहे

सप्तापूर, धारवाड
९ फेब्रुवारी २०२५

चि. योगिता हिस अनेक आशीर्वाद.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच ठेवून देशील, अशी भीती आहे. तरी लिहिते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, विद्यापीठात आपल्या विभागाचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं. तुझ्या टेबलाशी आता कोणी बसत नाही, त्यावर जुने प्रिंटर रचून ठेवलेत. माझ्या धाकट्या बहिणीला, शकुंतलाला, तू हुबळीच्या दाजीबानपेठेत भेटलीस म्हणे. तारिहाळच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासतेस हे तिच्याकडूनच कळलं.

गेल्या सोमवारी मी तारिहाळला आले होते. पाळी सुटायच्या वेळी गेटसमोर उभी राहिले. तू मैत्रिणीशी कन्नडमध्ये बोलत, हसत बाहेर आलीस आणि माझा धीर झाला नाही. "यारु बेक्री, कोण पाहिजे?" असं वॉचमननं विचारलं. कोणी नाही म्हटलं आणि बस धरली.

जे तिथे बोलायचं होतं ते आता लिहिते.

पृथ्वीच्या पोटातले थर कोट्यवधी वर्षांत कसे वाहतात, याचं गणित करणारा आपला तो संगणकाचा कोड. तो कोणा एकाचा नव्हता. ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कोणीही वापरावा, चूक दिसली तर सगळ्यांसमोर कोडच्या इंटरनेटवरच्या पानावर नोंदवावी. नोंदी तपासणाऱ्या सहाजणांत मी होते, भारतातली एकटी. त्याचा मला केवढा अभिमान होता, तू बघितलंयस.

२०१८ मध्ये तू नोंद टाकलीस: गणित अनेक संगणकांत वाटून दिलं की दोन तुकडे जुळतात तिथे खडकाचा चिकटपणा दोनदा धरला जातो, त्यामुळे खाली बुडणारा भूपट्ट उगाच अडखळतो. मी त्याच दुपारी खाली लिहिलं, चूक वापरणाऱ्याची आहे, आणि नोंद बंद केली. तुझ्या मार्गदर्शक सरांनी तुला खोलीत बोलावलं तेव्हा मीही होते. सर म्हणाले,

"अगं, जगभरचे लोक हा कोड वापरतात. त्यांना न दिसलेली चूक तुलाच कशी दिसली?"

तू माझ्याकडे वळलीस. "अक्का, तुम्ही तरी एकदा चालवून बघा ना."

"बघितलंय," मी म्हटलं.

बघितलं नव्हतं, योगिता. दोन दिवसांनी तुझी फाइल जशीच्या तशी चालवली. तू म्हणत होतीस तेच झालं. माझा लेख तेव्हा परीक्षकांकडे होता. त्यातला भूपट्ट साडेसहाशे किलोमीटर खोलीवर थांबतो, आणि तो त्या चुकीमुळेच थांबत होता. लेख एकदा छापून येऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला समजावलं. लेख आला. तोवर सरांनी तुझं तीन वर्षांचं काम पुन्हा करायला लावलं होतं आणि तू राजीनामा लिहीत होतीस. तुझ्या टेबलाशी येऊन मी म्हटलं, "तब्येतीला जप." तेवढंच म्हटलं.

२०२१ मध्ये मी कोडमधली ती चूक दुरुस्त केली. कोणाला न सांगता, इतर बदलांत मिसळून, वर 'किरकोळ साफसफाई' असं लिहून.

गेल्या महिन्यात चिलीतल्या एका विद्यार्थ्यानं पानावर विचारलं: ही साफसफाई नाही, ही दुरुस्ती आहे, मूळ चूक कोणी शोधली होती? आमच्या ऑनलाइन बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. सगळं. तुझी नोंद पुन्हा उघडली, शोधणारी म्हणून तुझं नाव घातलं, लेख मागे घ्यायला मासिकाला कळवलं आणि त्या सहाजणांतून बाहेर पडले. विभागालाही लेखी दिलं आहे. तुझा प्रबंध पुन्हा सुरू होऊ शकतो का, हेही विचारलं. उत्तर आलेलं नाही.

त्या विद्यार्थ्यानं विचारल्याशिवाय मी हे केलं नसतं, हे तुला कळेलच. म्हणून माफी मागायला हात धजत नाही.

तुझी,
भाग्यलक्ष्मी


हुबळी
२ मार्च २०२५

भाग्यलक्ष्मी मॅडम यांना नमस्कार.

पत्र पोचलं. मी पान उघडून बघितलं. माझी जुनी नोंद अकरा ओळींची आहे, इंग्रजी जरा कच्चं आहे, पण गणित बरोबर आहे.

प्रबंधासाठी कोणाला विचारू नका. ते गणित आता माझ्या हातात राहिलेलं नाही आणि मला परत यायचंही नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. नोंद टाकण्याआधी मी ती चूक नऊ वेळा तपासली होती. मला पक्कं माहीत होतं. सर ओरडले तरी माहीत होतं. तुम्ही "बघितलंय" म्हणालात आणि त्या संध्याकाळी मी घरी जाऊन आईला सांगितलं, माझंच चुकलं. तेव्हापासून मी दाराला कुलूप लावून खाली उतरले तरी ते लागलं का बघायला परत जिना चढते. कारखान्यात पास केलेला माल पुन्हा मागवून बघते, तपासणीतल्या बायका हसतात. काल तुमचं पत्र वाचून झालं तरी मी ती जुनी फाइल काढून बसले होते, की खरंच माझं बरोबर होतं ना.

तब्येतीला जपा.

योगिता