लाल ओळीतली टिकली

३ तारीख, सोमवार
मिळाली बाई एकदाची नोकरी! जुन्या नोंदींचं कार्यालय, चौथा मजला, खिडकीशी टेबल. संगणकात ध्वनिफिती, फोटो आणि जन्मनोंदींच्या प्रती साठल्यात. दोनदा आलेल्या शोधून पुसायच्या, एवढंच काम. माझ्या वरिष्ठ, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, तोंडाने फटकळ आहेत, पण चहा स्वतः ओतून देतात. घरी टिकलीला, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, सांगितलं, तर म्हणे आई, नुसतं पुसायचा पगार? आगाऊ कार्टी!

४, मंगळवार
माझी जुनी खोड. नव्या जागी आधी प्रॉम्प्ट सजवायचा. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करण्याआधी जी ओळ येऊन थांबते ना, ती. साध्या खात्याला हिरवी केली, ॲडमिन खात्याला लालभडक. साध्या खात्यात चुकलं तर संगणक अडवतो, ॲडमिनमध्ये मुकाट्याने ऐकतो. माझ्या आधी या टेबलावर बसणाऱ्या साहेबांच्या ॲडमिन ओळीत ‘छबू’ असं नाव होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, पुसण्याआधी हात अडखळावा म्हणून तिथे जिवाच्या माणसाचं नाव घालायची इथली पद्धत आहे. छबू कोण, ते त्यांना ठाऊक नाही. साहेब तर सडेफटिंग होते म्हणे. मी छबू काढून टिकली घातलं. काय गोड दिसतंय!

६, गुरुवार
ॲडमिन खात्यातून ध्वनिफितींच्या चारशे प्रती पुसल्या. रोज दुपारी दोनला सफाई आपोआप चालावी अशी सोयही लावून टाकली. हुशार आहे मी!
संध्याकाळी टिकलीचा आवाज बसलेला. बसलेला कसला, नाहीच. तोंड हलतं, आवाज फुटत नाही. डॉक्टर म्हणाले घसा ठणठणीत आहे, पोर नाटक करत असेल. माझी टिकली आणि इतका वेळ गप्प?

७, शुक्रवार
आज फोटोंच्या प्रती. घरी आले तर भिंतीवरच्या फोटोत मी आणि हे, मधे एक माणूस मावेल एवढी जागा. माझा हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. सगळे फोटो पाहिले. एकाही फोटोत ती नाही. ती मात्र शेजारी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

१०, सोमवार
साहेबांच्या या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, तळाच्या कागदाखाली लहान मुलाचं चित्र सापडलं. झाड, घर, मिशीवाला माणूस. खाली वेड्यावाकड्या अक्षरात ‘माझे बाबा’ आणि नाव, छबू. आणि साहेब म्हणे सडेफटिंग. देवा, मी काय करून बसले!
सफाई बंद केली. तरी दोनला लाल ओळ आली, टिकलीचं नाव घेऊन, आणि जन्मनोंदी पुसायला लागली. वायर उपटली. पडदा तसाच चालू. मोठ्या बाईंना काहीच दिसलं नाही. म्हणाल्या, दमलीस गं, घरी जा.

११, मंगळवार
शाळेतून फोन. या नावाची मुलगी आमच्याकडे नाही, कधीच नव्हती. यांनी सकाळी तिला दारात पाहून विचारलं, शेजाऱ्यांची का गं तू. स्वतःच्या बापाने! ती माझ्या पोटाला घट्ट बिलगली. मी बजावलं, मी नाही विसरणार, मेले तरी नाही.
आता ती फक्त माझ्या डोक्यातच उरलीय—

१२, बुधवार
एकच उपाय. लाल ओळीतून तिचं नाव काढायचं, माझं घालायचं. पण काढायचं म्हणजे पुसायचं, तेही ॲडमिनमधूनच. नाही काढलं तर दोनची सफाई— पावणेदोन झालेत. छबूच्या बाबांनीही असंच—
काढते. टिकली, राणी माझी, आई—

१३, गुरुवार
छान झोप लागली. डोकं हलकं. काल लाल ओळीत माझं नाव घातलं, शोभतंय.
मागच्या पानांवर कुणा टिकलीबद्दल लिहिलंय. अक्षर माझंच. आम्हाला मूलबाळ नाही— ही कोण?
सकाळपासून दाराशी एक पोर उभी आहे. हे तिला दोनदा हाकलून आले. आत्ता आत शिरली, माझी बाही ओढतेय. तोंड हलतंय, आवाज नाही. बिचारी मुकी असावी. विचारलं, कुणाची गं बाळ तू? तर माझ्याकडे बोट दाखवून नुसती—