ताशी वीस

आई, मी सायकल घेतली. छप्पन्नाव्या वर्षी, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली असताना, गियरची सायकल. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "काऊन रे, गाडी बिघडली का?" गाडी चांगली आहे. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि रोज तासभर चाला म्हणाले. पण मोताळ्यात सकाळी पायी निघालं की भेटेल तो माणूस थांबवतो आणि तेच विचारतो: एकटेच काय, पोरगी काय म्हणते, पुण्याला काऊन जात नाही. तुझी सून जाऊन सहा वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा रांगत होती ती पोरगी आता पुण्यात नोकरी करते, रविवारी संध्याकाळी फोन करते. लोक वाईट मनाने विचारत नाहीत हे मला कळतं, पण रोज तीच उत्तरं देऊन तोंड दुखतं. सायकलवरच्या माणसाला कुणी थांबवत नाही, म्हणून सायकल घेतली.

पहिल्या रविवारी रोहिणखेडच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. तुझाच रस्ता. तुझ्या वेळी मुरूम होता, आता डांबर आहे. फाट्यावर चहा घेतला, चहावाल्याने कुठले म्हणून विचारलं, तर सहज बोलून गेलो की माझी आई इकडच्या खेड्यांची नर्स होती, सायकलवर यायची. घरी येऊन फोन पाहिला. हल्ली फोन सगळं मोजतो: किती अंतर, किती वेळ, सरासरी वेग किती. माझा वेग निघाला ताशी साडेतेरा. वाईट की चांगला ते मला कळलं नाही, आणि घरात विचारायला कुणी नव्हतं.

गावात सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. पाच जण, सगळे चाळिशीच्या आतले, त्यांतला एक दातांचा डॉक्टर. पुढच्या रविवारी मी त्यांच्यासोबत निघालो. गावाची कमान ओलांडेपर्यंत सोबत होतो. मग ते बोलत बोलत पुढे गेले, त्यांच्या मागचे लाल दिवे लहान होत गेले आणि वळणाआड गेले. मी फाट्यावर पोहोचलो तेव्हा त्यांचा चहा संपला होता. "काका, सावकाश या, आम्ही थांबतो ना," डॉक्टर म्हणाला. थांबलेही बिचारे. पण त्यानंतरच्या रविवारी निघायची वेळ मला कुणी कळवली नाही. महिनाभराने ते शेगावला जाऊन आले, फोनवर फोटो आले, मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. मला येऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. ते ताशी चोवीसने जातात आणि मी साडेतेराने, एवढीच गोष्ट होती. त्या दिवशी मी ठरवलं की वीस गाठायचे. वीस झाले तर निदान त्यांच्या मागे, दिसेल इतक्या अंतरावर तरी राहता येईल.

मग मी शिकत गेलो. आधी मला वाटायचं, जड गियर टाकून जोर लावला की वेग वाढतो. गुडघे सुजले. तो दातांचा डॉक्टर एकदा पेट्रोल पंपावर भेटला तेव्हा म्हणाला, "काका, हलका गियर ठेवा आणि पाय फिरते ठेवा. जोर नाही लावायचा, लय धरायची." तसं केलं आणि दोन आठवड्यांत पंधरा झाले. दर आठ दिवसांनी चाकात हवा भरायला लागलो, तेवढ्यानेही फरक पडला. सदरा वाऱ्याने फुगायचा म्हणून अंगाला चिकटणारा टीशर्ट घेतला. तो घालून गल्लीतून जाताना मान वर होत नव्हती. सुरुवातीला गावातून सुसाट निघायचो आणि चार किलोमीटरवर धापा टाकायचो. आता पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू काढतो. मंगळवारी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जीव तोडून मारायची, पुढचे दोन खांब दम घ्यायचा, असं दहा वेळा. गुरुवारी नुसतं लांब आणि निवांत. सोमवारी आणि शुक्रवारी सायकलला हात लावायचा नाही. दिवाळीपर्यंत मी अठरावर आलो, आणि तिथेच अडकलो.

अठरावर अडकल्यावर माणूस हिशेबी होतो. वारा मागून असतो तेव्हा जेवढं कमावतो, त्याहून जास्त परतताना समोरच्या वाऱ्यात जातं, कारण हळू चालण्यात वेळ फार खर्च होतो. हे गणित मी कागदावर करून पाहिलं. मग लक्षात आलं की माझा वेळ थांबण्यात जातो. फाट्यावरचा चहा, पाणी पिणं, कुणी "रामराम साहेब" म्हटलं की पाय टेकवणं. थांबलं की मोजणी बंद करायची सोय फोनमध्ये आहे, पण मला ती लबाडी वाटली. म्हणून मी थांबणंच बंद केलं. चहा सोडला. बाटली हातात घेऊन चालत्या सायकलवर पाणी प्यायला शिकलो. रामराम आला तर मान हलवायची आणि पुढे. अठरा पॉइंट सहा. अठरा नऊ.

या रस्त्यावर तू मनात येतेस, पण मी तुला फार वेळ राहू देत नाही. तुझी काळी लेडीज सायकल, हँडलला अडकवलेली औषधांची पेटी, पांढऱ्या साडीचा खोचलेला पदर. मी सातवीत आहे. मधल्या सुट्टीत तू शाळेसमोरून जातेस आणि पोरं भिंतीवर चढून ओरडतात, "सुईवाली आली बे, सुईवाली!" त्या संध्याकाळी तू स्टोव्हपाशी भाकरी थापते आहेस आणि मी दारात उभा राहून म्हणतो, "शाळेच्या समोरून सायकलवर येत नको जाऊ." तू मागे न पाहता विचारतेस, "मंग कशी येऊ?" मी म्हणतो, "पायी." तुला राग येईल, तू उलथणं घेऊन मागे लागशील असं मला वाटतं. तू भाकरी उलटतेस. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेअलीकडच्या चिंचेपाशी उतरतेस, शाळेची भिंत संपेपर्यंत सायकल हातात धरून चालतेस, आणि पलीकडे पुन्हा बसतेस. मी दहावी होईपर्यंत, चार वर्षं. मला वाटायचं, सायकल हळू चालवतेस म्हणून तुला घरी यायला उशीर होतो. दिवे लागले तरी तुझा पत्ता नसायचा. बाबा नव्हते, मी एकटा भुकेला बसलेला असायचो, आणि तू आलीस की मी तोंड फिरवायचो. "सायकल चालते तशी चालते बापा," एवढंच तू म्हणायचीस. मी उत्तर देत नसे. उत्तर न देण्याची मला सवयच लागली होती.

तर या डिसेंबरातली गोष्ट. रोहिणखेडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक घर आहे, पुढे पत्र्याची ओसरी. तिथे एका रविवारी एक म्हातारी रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात पिशवी. मला पाहून तिने हात केला. मी मान हलवली आणि गेलो. पुढच्या रविवारी ती पुन्हा तिथेच. हात वर करून काहीतरी बोललीही, पण वारा कानात होता. त्या दिवशी माझी सरासरी एकोणीस चार चालली होती, फक्त शेवटचा तुकडा सांभाळायचा होता. तिसऱ्या रविवारी तर ती दोन पावलं रस्त्यावर आली. मी सायकल बाजूने काढली. मागून तिचा आवाज आला, "अहो, थांबा ना जरासे!" मी थांबलो नाही. मनात म्हटलं, बसचं विचारत असेल, नाहीतर कुणाला निरोप द्यायचा असेल. एकोणीस सहा.

चौथ्या रविवारी फाट्याजवळ काटा घुसला आणि चाक बसलं. सायकल ढकलत चहाच्या टपरीवर आलो. दीड-दोन महिन्यांनी तिथे थांबत होतो. चहावाल्याने कप पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, एक सांगू का? त्या बुढीसाठी तरी थांबत जा."

"कोण बुढी?"

"अहो, थे पत्र्याच्या ओसरीवाली. नर्सबाईचं पोरगं दर रविवारी जाते असं म्याच तिले सांगतलं. तवापासून तुमच्याचसाठी उभी रायते. मले म्हने, त्याच्या मायले कधी हाका माराव्या नाई लागल्या."

चहा तसाच ठेवला. तिथून तिचं घर दीड किलोमीटर असेल. पंक्चर काढायचं सामान पिशवीत होतं, पण ते काढलंच नाही, सायकल हाताने धरून पायीच निघालो. ती ओसरीत तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही, तक्रारही केली नाही. "या," म्हणाली. "आज चाक बसलं तवा आले." मग स्वतःच हसली आणि पाणी आणायला आत गेली.

तिच्या पहिल्या बाळंतपणाला तू होतीस, आई. मूल आडवं होतं, तू बैलगाडीतून तिला मोताळ्याला नेलंस आणि सगळा रस्ता गाडीच्या मागे सायकलवर होतीस. ते पोरगं आता सुरतेला आहे, त्याला नातू झाला. हे सगळं ती सांगत होती आणि मी मान हलवत होतो. मग तिने मी बसलो होतो त्या जागेकडे बोट केलं.

"बाई अथीच बसे. रोज. काम झालं तरी बसे. म्या म्हनो, बाई, दिवस बुडाला, घरी पोरगं वाट पायत असन. तं म्हने, वाट पायते वं, पन बोलत नाई. बसू दे अजून दहा मिनिटं."

तिने ते कुजकेपणाने म्हटलं नाही. जुनी गोष्ट सांगावी तसं सांगितलं, आणि पुन्हा शेंगा निवडायला लागली. मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. सगळी वर्षं मला वाटत आलं होतं की तू हळू सायकल चालवायचीस. मी तर मनातल्या मनात तुझा वेग काढलाही होता, ताशी आठ, फार तर नऊ. आणि तू रोज या ओसरीत बसून घरी पोहोचण्याची वेळ पुढे ढकलत होतीस, मी ज्या घरात तोंड फिरवून बसलो होतो त्या घरी. बारा-तेरा वर्षांच्या पोराला काय कळतं, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकतो. पण कॉलेजला गेलो, नोकरी लागली, लग्न झालं, तरी मी तुझ्याशी कामापुरताच बोलत राहिलो. तेव्हा मी बारा वर्षांचा नव्हतो.

तिने पिशवी भरून शेंगा दिल्या. पंक्चर तिच्या अंगणात काढलं. घरी आलो, शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या आणि टीव्ही न लावता खाल्ल्या. एकट्याला फार होत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात न्याव्या असं वाटलं, पण कुठून आणल्या विचारलं असतं, म्हणून नेल्या नाहीत.

संक्रांतीनंतरच्या एका मंगळवारी, रविवारही नव्हता, थंडी होती आणि वारा पडलेला, मी ताशी वीसने जाऊन आलो. वीस आणि वर एक दशांश. घरासमोर उतरलो, फोनवरचा आकडा पाहिला आणि पायरीवर बसलो. समोरच्या घरातली बाई अंगण झाडत होती. सांगावं असं वाटलं, पण तिला काय कळणार. पोरीला फोटो पाठवला. तिने संध्याकाळी टाळ्या पाठवल्या. डॉक्टरच्या ग्रुपला मात्र कळवलं नाही. ते आता सव्वीसने जातात म्हणे.

रविवारी मी त्या ओसरीत बसतो. अर्धा तास, कधी जास्त. त्या दिवशीची सरासरी बारा-तेरा येते आणि मी ती पुसून टाकत नाही. म्हातारी फार बोलत नाही. मीही नाही. आम्ही दोघं रस्त्याकडे पाहतो. घरी जायची घाई मला नसते, हे तिला कळलं असावं, कारण दिवस वर आला असं ती मला कधी म्हणत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे. ऑफिसच्या कोऱ्या कागदांवर लिहिलं, टेबलाच्या खणात राहील. फक्त एक गोष्ट वर लिहायची टाळली, ती लिहितो. पहिल्या दिवशी निघताना म्हातारीने विचारलं होतं, "बाई गेल्या तवा कोन होतं जवळ?" तू बुलडाण्याच्या दवाखान्यात होतीस आणि मी तेव्हा नोकरीला वाशीमला. शेजाऱ्यांचा दोनदा फोन आला होता. ऑफिसात तपासणी होती, ती आटोपून निघू म्हणून मी थांबलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने पोहोचलो. तिने तोंडाकडे पाहत विचारलं, म्हणून मी म्हणालो, "मी होतो."

"मंग बरं झालं," ती म्हणाली.