पोटाखालचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज दिला! फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर हवाय. दातांच्या डॉक्टरबाई आठवड्यातून एकदा डोंगरावरच्या वस्तीवर जातात — नऊ किलोमीटर, रस्ता असा नाहीच. आधीच्या ड्रायव्हरने दगडावर घालून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फोडलं. गाडी दोन महिने गॅरेजात, वस्ती दोन महिने गाल धरून. म्हणून या वेळी परीक्षा आहे. पंधराला मी, सोळाला दुसरा उमेदवार. अकरा वर्षं शाळेची व्हॅन चालवून कंटाळलेय. ही नोकरी मला हवीच आहे!

४ फेब्रुवारी

आत्याला फोन केला. वीस वर्षं दगडखाणीत डंपर चालवलाय तिने. म्हणाली, रविवारी ये, माझी जुनी जीप आहे. डांबरावरची अक्कल घरी ठेवून ये.

९ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस गेला! अर्ध्या तासात आठ वेळा खाली उतरवलं तिने. शंका आली की उतरायचं, वाट आधी पायांनी चालायची, मग चाकांनी. मोठा दगड आला, मी सवयीने दोन चाकांच्या मधे घेतला. आत्याने सरळ हँडब्रेक ओढला. "मधे घेतलास की तो पोटात घुसतो, बाई. चाक चढव त्याच्यावर. चाक त्यासाठीच असतं."

चढवलं! जीप एका अंगाला कलली — आणि अलगद उतरली पलीकडे. टायरमधली हवा थोडी कमी केली होती, त्यामुळे ते दगडाला धरून राहतात. अंगठे स्टिअरिंगच्या आत गुंतवायचे नाहीत, चाक आदळलं की स्टिअरिंग झटका देतं. आत्याचा डावा अंगठा अजून वाकडा आहे, तो तिने पुरावा म्हणून दाखवला.

घरी आरशात पाहिलं, दातांत माती. म्हणजे दिवसभर हसतच होते.

१२ फेब्रुवारी

दवाखान्याच्या आवारात गाडी पाहून आले. आमचे शिंपीमहाराज — नवराच तो — टेप घेऊन बरोबर. गाडीखाली आडवे झाले, सगळ्यात खाली येणारा भाग शोधला, जमिनीपासून उंची मोजली आणि काठीवर खडूने खूण केली. खडक खुणेच्या वर गेला तर तो पोटाखाली घ्यायचा नाही. वॉचमनने विचारलं, गाडीला परकर शिवताय का. हे म्हणाले, अजून कापड ठरायचंय.

१४ फेब्रुवारी

उद्या!

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातला आवारात. दातांची खुर्ची, कॉम्प्रेसर, पाण्याचे कॅन आधीच चढवलेले. सहज काठी गाडीखाली धरली — वजनाने गाडीचं पोट खुणेच्या चार बोटं खाली! यांनी गिऱ्हाईकाचं माप उपाशीपोटी घेतलं होतं. घाईघाईने नवी खूण केली.

आठ किलोमीटर नुसती मजा. सतरा वेळा उतरले. एकही ओरखडा नाही! डॉक्टरबाई मागे बसून वहीत काहीतरी लिहीत होत्या. मग शेवटची घळ. दोन्ही बाजूंना पाण्याने पडलेले खोल चर, मधे खडकाचा उंचवटा. चाकं चरात जाणार, पोट खडकावर. काठी धरली. खडक नव्या खुणेच्या दोन बोटं वर. जुन्या खुणेने मी बिनधास्त गेले असते.

तासभर चरांत दगड भरले. पुरेनात. वर वस्तीची शाळा दिसत होती, लोक गाल धरून कठड्यावर बसलेले. बरोबर आलेला कंपाउंडर म्हणाला, "जाईल हो, थोडं घासेल." डॉक्टरबाईंनी वहीचं पान उलटलं.

गाडी मागे घेतली. वळायला जागा मिळेपर्यंत सातशे मीटर, उलटी.

१६ फेब्रुवारी

दुसरा उमेदवार दोन तासांत वर पोचला. कंपाउंडरनेच फोन करून सांगितलं, टाळ्यांसकट. हे दिवसभर माझ्यासमोर टेप काढायला लाजतायत. आत्याला कळवलं. तिने एवढंच विचारलं, उलटी किती आणलीस? सांगितलं. म्हणाली, पुढे कुणीही नेतं. बरं वाटलं. पण नोकरी गेली ती गेलीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरबाईंचा फोन. गाडी अजून वरच आहे, तेल सगळं घळीत. मेकॅनिकला एखाद्या जीपने वर न्यायचंय, आणि गाडी दुरुस्त झाली की खाली आणायचीय. मी विचारलं, आणायची कुणी? म्हणाल्या, "आमच्या ड्रायव्हरने. आजपासून तुम्ही."