ब्लंडर म्हणण्याइतकं

१८ जानेवारी, रविवार
मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. सॉल्ट लेकचा हॉल. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात, तिळाच्या वड्या कापायला. हे गेल्यापासून सहा संक्रांती तीच माझी जागा. कुणी सांगितली नाही, मीच धरली.
ताट घेऊन बाहेर आले तर सायली कोयरी घेऊन समोर. "काकू, थांबा." आणि लावलंच. हळद, मग कुंकू. पोर इथेच परप्रांतात जन्मली, सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी. तिला कुठलं माहीत?
सेक्रेटरी कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "अगं, काही कळतं का? त्यांना लावतात का?"
मी पदराने पुसून टाकलं. सगळ्यांसमोर. सायली बघत होती.

१९ जाने.
सायलीचा मेसेज, इंग्रजीत. काकू, माफ करा, माझ्याकडून ब्लंडर झाला. मंडळात परत येणार नाही. तुमच्याकडेही नाही.
म्हणजे गुरुवार गेला. दोन वर्षं दर गुरुवारी ऑफिसातून येते, माझ्याजवळ बसून मराठी वाचते. मी तिला मराठी, ती मला इंग्रजी पेपर.
ब्लंडर पेपरात वाचलाय, क्रिकेटच्या पानावर. डिक्शनरी काढली. 'ढोबळ चूक, घोडचूक.' एवढी मोठी? सबंध दिवस तो शब्द डोक्यात.

२० जाने.
खालच्या मजल्यावरच्या शिप्रादींना विचारलं. शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मिस्टेक आणि ब्लंडर, फरक काय? त्यांनी चष्मा काढला. "बिना जाने हुई वो मिस्टेक. ब्लंडर तब, जब पता होना चाहिए था।" मग, "किसने किया?"
म्हटलं, पेपरात आलं होतं. खोटं बोलले.
सायलीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं की पोरीने मायेने लावलंय.

२२ जाने., गुरुवार
आली नाही. पोहे दोघींचे भिजवले होते. रात्रीही तेच खाल्ले.
एक लिहून ठेवते. तिचं बोट लागलं तेव्हा गार वाटलं. सहा वर्षांत माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. ताप आला तरी आपणच हात लावून बघायचा. ह्यांची सवय होती, येता-जाता कपाळावर...
असो.

२४ जाने.
ऑटोने सायलीकडे गेले. दार तिच्या आईने उघडलं. "तुम्ही कशाला आलात वहिनी, आम्हीच येणार होतो माफी मागायला. मी हिला फार बोलले."
सायली खोलीतून येईना. मीच आत गेले.
"काकू, मी तुम्हाला दुखवली."
"दुखवलं म्हण. आणि नाही दुखवलंस. ब्लंडर तुझा नाही, माझा. कुलकर्णी वहिनी तुला बोलत होत्या तेव्हा मी गप्प बसले. वर पुसलं."
"का पुसलं?"
"घाबरले."
"कुलकर्णी काकूंना? त्या तर लिफ्टला घाबरतात."
हसू आलं. पण त्यांना नाही घाबरले. मग कुणाला?
निघताना म्हणाली, "गुरुवारी बघते." येते म्हणाली नाही.

२९ जाने., गुरुवार
आली. उशिरा, पण आली. चार पानं वाचली. 'ळ' अजून 'ल'च होतो. कुंकवाचा विषय दोघींनीही काढला नाही.

२४ मार्च
चैत्राच्या हळदीकुंकवासाठी कुलकर्णी वहिनींचा फोन. "आंबेडाळ तुमचीच हं, तुमच्यासारखी कुणाची होत नाही."
म्हटलं, "डाळ करीन. पण वाढायला दुसरं कुणी बघा. मी बाहेर बसणार आहे. सगळ्यांत."
तिकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.
"म्हणजे... कुंकवाला?"
"हो. आणि त्या दिवशी सायलीला बोललात, मी गप्प राहिले, ते चुकलं. आता सांगतेय."
"बाकीच्यांना विचारावं लागेल हो. माझ्या एकटीचं नाही." मग आवाज बदलून, "माझ्या थोरल्या जाऊबाई पण यायच्या बंद झाल्यात. पाच वर्षं झाली, दीर गेले तेव्हापासून."
नाही असंही म्हणाल्या नाहीत.

२६ मार्च, गुरुवार
वहिनींचा फोन नाही. सायलीला सांगितलं काय बोलले ते. तिने पुस्तक मिटलं.
"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"
"तरी जाऊन बसेन."
"मी शेजारी बसू?"
"तू कोयरी घेऊन उभी राहा. हात थरथरू देऊ नकोस."
"थरथरणार काकू. नक्की."
म्हटलं, चालेल. जरा वाकडं लागलं तरी चालेल.