सुटकेची प्रार्थना

चुडाव्याजवळची वस्ती,
दि. १४ जानेवारी २०२५

ती. साधनाताईस,
बबिताचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

बायनाबाईच्या टोपलीतून तू पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. निम्मे पोचले म्हणायचे, कारण चुडाव्याच्या स्टेशनपासून वस्तीपर्यंत चालताना बायनाबाईला भूक लागते. पण दर सोमवारी ती पूर्ण्याच्या बाजाराला जाते आणि आपली पत्रं नेते-आणते, तेव्हा तिच्या हमालीत चार लाडू गेले तर मी काही बोलत नाही.

फोन का करत नाहीस म्हणून तू रागावलीस. अगं, आमचे मालक बिरदेव दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गेले, त्यांचा फोन त्यांच्यासोबत. घरात राहिला मामांचा. तो धरून बोलायचं कुठे? एक खोली आणि पुढे पडवी, एवढं आमचं घर, आणि खोलीत मामीची बाज. श्रावणात तिची उजवी बाजू गेली, जीभ गेली, पण कान शाबूत आहेत. माझा शब्द न् शब्द ऐकते आणि डाव्या हाताने बाजेवर ठोकत राहते. पत्राला आवाज नसतो, म्हणून पत्र.

मला इथं दिलं तेव्हा दादा म्हणाले होते की सख्ख्या मामाच्या घरी पोरीला कसला त्रास. येडबामामांनीही शब्द दिला होता की महिन्यातला एक रविवार बबिता पूर्ण्याला उपासनेला जाईल. त्यावर मामीने तेव्हाच ऐकवलं होतं की तिचा देव तिनं तिच्यापाशी ठिवावा, माझ्या बिरोबाच्या आड आणू न्हाई. मामांनी शब्द पाळला, खोटं कशाला बोलू. पण श्रावणापासून मी विहिरीपलीकडे गेलेली नाही. मामी माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खातच नाही. मामांनी कण्या भरवायला घेतल्या तर तोंड मिटते, शेजारणीने भरवल्या तर थुंकते. आणि माझ्या हातचं खाऊन झालं की मलाच चिमटे काढते. माझे दंड पाहिलेस तर तुला वाटेल गोंदून घेतलंय.

सकाळी तिची कूस बदलायची, धुवायचं, वेणी घालायची आणि शेवटी कपाळाला बिरोबाचा भंडारा लावायचा. तिला स्वतःला नीट लावता येत नाही, म्हणून मीच लावते. हे पाप आहे का, रामहरी पास्टरांना विचारून ठेव. पाप असलं तरी मी लावणार आहे, पण विचारून ठेव.

ताई, मला इथं गुदमरतं. दारातून एक लिंबाचं झाड दिसतं, तेवढंच. रविवारी सकाळच्या गाडीचा भोंगा ऐकला की हातातलं काम सुटतं. त्या गाडीत मी बसले असते तर पहिल्या गीताला तुमच्यात पोचले असते.

दाजींना सलाम. धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
बबिता


पूर्णा,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. बबितास,
ताईचे अनेक आशीर्वाद. प्रभू तुला सांभाळो.

तुझं पत्र वाचून मी रडले. तुझे दाजी रुळावरची ड्युटी करून थंडीने काकडत आले, तर मी चहा ठेवायचंसुद्धा विसरले. त्यांनीच ठेवला आणि मला पाजला.

रविवारी उपासनेत विनंत्यांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले आणि तुझं सगळं सांगितलं. तू इथं नसलीस तरी मंडळी तुला विसरलेली नाही, बरं का. वच्छलाबाईंनी तर पदर डोळ्याला लावला. तिथल्या तिथं ठरलं की दर रविवारी आणि बुधवारी बायकांच्या संगतीत तुझ्यासाठी एकच प्रार्थना करायची, की प्रभो, बबिताची सुटका कर. वच्छलाबाई दर शुक्रवारी उपास धरणार आहेत.

भंडाऱ्याचं पास्टरांना विचारलं. ते म्हणाले की कपाळ आजाऱ्याचं आहे, तर त्यावर काय लावायचं ते आजाऱ्यालाच विचारावं. मला वाटलं होतं रागावतील.

मला तुझ्याकडे यावंसं फार वाटतं. पण मामी मला पाहून कशी तोंड फिरवते ते तुला माहीत आहे. मी आले तर तुझाच जाच वाढेल. म्हणून इथूनच गुडघे टेकते. धीर धर. आपल्याला पेलणार नाही असं ओझं प्रभू देत नाही. वेगळ्या कागदावर काही वचनं लिहून पाठवते आहे, ती रोज वाच.

मामा-मामींना नमस्कार सांग, ऐकून घेतील तर.
तुझ्या काळजीत असलेली,
साधना


वस्ती,
दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सलाम. वि. वि.

पत्र वाचून आधी मी हरखले. माझं नाव इतक्या लोकांच्या तोंडी आहे, याचंच केवढं बरं वाटलं. मग भाकरी थापता थापता एक विचार आला आणि तव्यावरची भाकरी करपून गेली.

माझी सुटका म्हणजे काय गं? मामी उठून चालू लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी तिला टाकून जाणार नाही, हे तुलाही माहीत आहे. मग माझी सुटका व्हायची कशाने? एकच वाट उरते. तुम्ही एवढी सगळी माणसं दर रविवारी डोळे मिटून एका म्हातारीचं मरण मागता आहात. आणि वच्छलाबाई तर उपास धरून. त्यांचं लवकर ऐकलं जातं म्हणतात.

राग मंडळीचा आला नाही. राग आला कारण तेच मी मागितलं आहे. तोंडाने नाही. परवा पाणी पाजून मी वळले, तोच मामीला जोरात ठसका लागला. मी हातातली भांडी टाकून तिची पाठ चोळायला धावले. धावलेच गं. पण धावण्याआधी जरा उभी राहिले होते. तेवढ्यात माझ्या मनात काय येऊन गेलं ते प्रभूला माहीत आहे आणि मला. मी इथं कोंडले गेले याची आता भीती वाटत नाही. कोंडून कोंडून मी कशी व्हायला लागले आहे, त्याची वाटते.

तेव्हा ती प्रार्थना आधी बंद करायला सांग. आणि वचनं पाठवू नकोस, मला पाठ आहेत. लहानपणी पाठांतरात पहिला नंबर माझा यायचा, तुझा नाही. ताई, चुडाव्याला गाडी थांबते. तुमच्यापैकी कुणी कधी त्या गाडीत बसलं आहे का?

फार बोलले. रागाव, पण मला सोडू नकोस. तुझ्याशिवाय मी कुणाला असं लिहू?
बबिता


पूर्णा,
दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. बबितास आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर मी दोन दिवस धुसफुसत होते. दाजींना म्हटलं की बघा, भल्याची दुनिया राहिली नाही. ते म्हणाले की पोरगी खोटं काय बोलली? मग बुधवारच्या संगतीत पत्र वाचून दाखवलं. ठसक्याचं तेवढं गाळलं, ते तुझं-माझं. मग वच्छलाबाई म्हणाल्या की आपण लय सोपं काम धरलं व्हतं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. दाजींनी मामांना फोन लावला तेव्हा मामांनी काय अट घातली, ती मात्र तुला कळली नसेल. म्हणाले की बाया येऊ द्या, पण माझ्या घरात टाळ्या वाजवायच्या न्हाईत अन् पुस्तक उघडायचं न्हाई. दाजींनी कबूल केलं. आता दर रविवारी पाळीपाळीने दोघी येतील, म्हणजे तुला उपासनेची गाडी धरता येईल.

आणि पहिल्या पाळीला मी आले, तर माझी ही दशा! मामीने कण्या थुंकल्या त्या नेमक्या नाताळच्या साडीवर. तू मागे उभी राहून हसू दाबत होतीस, ते मी पाहिलं हो. शेवटी तिला तुलाच भरवावं लागलं आणि त्या दिवशी तुझी गाडी हुकली याचं मला फार वाईट वाटलं. पण परतताना गाडीत दुसऱ्याच गोष्टीचं जास्त वाईट वाटलं. इतकी जवळ तू, आणि मामी तोंड फिरवते हे निमित्त मी किती महिने पुरवून वापरलं.

पुढच्या खेपेस जुनी साडी नेसून येईन. तोवर सांभाळून राहा आणि हसत जा अशीच.
तुझी,
ताई


वस्ती,
दि. १७ मार्च २०२५

ती. ताईस सलाम. वि. वि.

तुला बायनाबाईकडून अर्धवट कळलं असेल, म्हणून सगळं नीट लिहिते. मामी खोलीतच आहे, पण आज ती मला लिहू देते आहे, ठोकत नाही. का, ते ऐक.

मागच्या महिन्यात वच्छलाबाई पाळीवर आल्या. बाजेशी बसून त्यांनी मामीचं ठोकणं ऐकलं, तिचे काळे दात पाहिले आणि मला विचारलं की म्हातारीची मिश्री कुठं हाय. मी म्हटलं की ती डबी मी श्रावणातच उकिरड्यावर टाकली. डॉक्टर तंबाखू नको म्हणाले होते आणि आपल्या मंडळीत तर ती वर्ज्यच. त्यावर वच्छलाबाई म्हणाल्या की बाप्तिस्मा तुझा झालाय, तिचा न्हाई.

ताई, त्यांनी स्वतः बाप्तिस्म्याच्या वेळी मिश्री सोडली, हे साऱ्या पूर्ण्याला माहीत आहे. सोडताना महिनाभर डोकं धरून बसल्या होत्या म्हणे. त्याच बाई पुढच्या पाळीला तंबाखू तव्यावर भाजून, कुटून, पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या. बोटावर चिमूटभर घेतली आणि मामीच्या हिरड्यांवर हळूहळू फिरवली. मामीने डोळे मिटले आणि पाणी वाहू लागलं. मग वच्छलाबाईंच्या हातून वाटीभर कण्या खाल्ल्या. इतके महिने मला वाटत होतं की ती ठोकून ठोकून माझ्या देवाला शिव्या देते आहे. ती मिश्री मागत होती.

डॉक्टरांना खरं ते सांगितलं. आधी चिडले. मग मामीला तपासून म्हणाले की मिश्री बंद करता आली तर बरं, पण खाणं वाढलंय, अंगात रक्त भरलंय, म्हातारी अजून पुष्कळ वर्षं काढील. मामांनी आनंदाने मला चहा ठेवायला सांगितला. मी ठेवला. चुलीपुढे बसून मात्र बराच वेळ उठले नाही.

वच्छलाबाईंनी ठरवलंय की ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्या आणि तू इथं बसायचं आणि मी पूर्ण्याला जायचं. मामांनी मान डोलवली. जुनी साडी विसरू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
बबिता


वस्ती,
दि. १४ एप्रिल २०२५

ती. ताईस सलाम. वि. वि.

काल मी परत आले तेव्हा तुमची गाडीची घाई होती, आणि मामीसमोर बोलण्यासारखं ते नव्हतं. दारातच तू विचारलंस की कसं वाटलं, आणि मी छान म्हणाले. छान तर होतंच. म्हणून आज लिहिते.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. इतकं मोठं आभाळ पाहायची सवय मोडल्यामुळे की काय, मला जरा गरगरलं. मंडळीत पोरांच्या हातात शिंदीच्या झावळ्या होत्या. पहिलंच गीत सुरू झालं आणि माझा आवाज फुटला, मीच दचकले. आठ महिने मी घरात कुजबुजतेच आहे ना. बायकांनी मला मधोमध बसवून घेतलं. पाठीवर एकीचा हात, गुडघ्यावर दुसरीचा.

मग पास्टरांनी विचारलं की कुणाची काही विनंती आहे का. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल की मी उपकार मानीन, साक्ष देईन. मीही तेच घोकून आले होते. उभी राहिले आणि डोळ्यांपुढे तो ठसका आला, आणि मी उभी राहिलेली ती जागा. मी म्हणाले की माझ्या सासूबाई केवळाबाई यांना प्रभूने भरपूर आयुष्य द्यावं.

ज्यांनी माझी सुटका मागितली होती तेच सगळे तिथं बसले होते. माझ्या बोलण्याचा अर्थ त्यांना कळला, पास्टरांनाही कळला. त्यांनी प्रार्थना केली, मामीचं नाव घेऊन, नीट आणि सावकाश. शेवटी सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं.

मी नाही म्हटलं. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मागितलं ते ढोंगाने नाही गं मागितलं, मला खरंच हवं होतं. पण तसंच होवो म्हणायची वेळ आली आणि ही खोली दिसली, दारातलं लिंबाचं झाड दिसलं, पुष्कळ वर्षं म्हणाले ते डॉक्टर दिसले. गाडीत मी सगळी वाट रडत आले.

तुम्ही गेल्यावर मी मामीला पाणी पाजलं, तर तिने माझ्या पदराचं टोक डाव्या मुठीत धरलं. झोपेतही सोडलं नाही. आज सकाळी पुन्हा धरलं आहे आणि हे लिहीपर्यंत सोडलेलं नाही. चिमटा काढत नाही, नुसती धरून आहे. मलाही सोडवून घ्यावंसं वाटत नाही, आणि सोडवून पळावंसंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी.

वच्छलाबाईंना माझा सलाम सांग. दाजींना जप, उन्हं वाढली आहेत, रूळ तापतात. माझ्यावर माया ठेवतेस तशीच जरा मामीवरही ठेव.

आणि ताई, माझ्या वाटचं ते आमेन राहूनच गेलंय. मला म्हणता येईपर्यंत तू म्हणत जा.
तुझी,
बबिता