पासष्टच्या जागी पंच्याण्णव

आबा, आज मी मिरचीच्या त्याच ड्रायरवर गेले होते, जिथे तुम्ही मला सगळ्यांदेखत मारलं होतं.

कॉलेजच्या सुट्टीत तुम्ही मला नंदुरबारला कामावर न्यायचात ते शिकवायला नव्हे. तुमचे डोळे अधू झाले होते आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. लॅपटॉपची केबल ड्रायरच्या कंट्रोलरला जोडायची आणि एकेक ओळ टाईप करून आज्ञा पाठवायची: तापमान किती ठेवायचं, ते घसरलं तर हीटरनं किती जोर लावायचा, जवळ आलं की किती आवरायचं. टाईप तुम्ही करायचात, कंट्रोलरचं उत्तर मी तुमच्या कानाशी वाचायचे. बटणांना हात लावायची मला बंदी होती. त्या दिवशी पासष्ट द्यायचं होतं. तुमचं बोट सहाऐवजी त्याच्या वरच्या नऊवर पडलं. मी वाचते, "आबा, पंच्याण्णव गेलंय." तुम्ही मानही वळवत नाही. "चूप बैस. माले डोळा नही शेतस का?" लॅपटॉप मिटता, केबल खिशात घालता आणि मालकांबरोबर चहाला जाता. मी ड्रायरपुढे उभी.

थोड्या वेळानं मिरची काळी पडू लागली. शेडमध्ये असा ठसका उठला की देठं खुडणाऱ्या बाया पदर तोंडावर धरून बाहेर पळाल्या. मालक धावत आले. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, "हाई पोरनी कयं," आणि माझ्या कानाखाली वाजवलीत. मी डोळे पुसायला हात वर नेला, तर त्यालाही मिरची लागलेली. बाया हसल्या. परतताना रिक्षात तुम्ही केबल माझ्या मांडीवर टाकलीत. "आते तू लिख." एवढंच. मग तुम्ही जाईपर्यंत सगळी कामं मीच केली आणि तुम्ही लोकांना सांगत राहिलात, पोरगी पिशवी धरायला येते.

आज काम आटोपल्यावर म्हाताऱ्या मालकांना मी सांगूनच टाकलं की तो आकडा आबांनी दिला होता. ते शांतपणे सुपारी कातरत राहिले. "माले तवयच ठाऊक व्हतं, पोरी. हात त्याना व्हता, मी देखं. पण बापनं नाव जातं ते त्याना धंदाच बुडता. पोरनं नाव गयं ते काय जास?"

पुढच्या खेपेची वेळ ठरवून मी निघाले. आई अजून पाहुण्यांना हसत सांगते, हिनं एकदा अख्खी मिरची जाळली होती. मी मध्ये बोलत नाही. हा कागदही तिच्या हाती लागण्याआधी फाडून टाकीन. फक्त एक तुम्हाला कधी कळलं नाही, ते लिहिते. माझ्याकडे बोट करण्याआधी मला बाजूला घेऊन, दोष अंगावर घेशील का, एवढं नुसतं विचारलं असतंत, तर मी आपणहून म्हटलं असतं, मीच केलं.